पेन्सिलवाल्याचा मुलगा

फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी माझी पेन्सिल मागून घेतली, शीटच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली, अंगठ्याने ती पुसून बघितली आणि काही न बोलता पेन्सिल परत दिली. रेघेचा काळा फराटा झाला होता. गावाकडून आणलेली ती साधी एचबी होती. संध्याकाळी कॉलेजच्या गेटसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडे टू-एच घेण्यासाठी आम्हा सगळ्यांची रांग लागली. त्यानंतर चार सेमिस्टर टू-एचने रेघा ओढल्या. खोटं कशाला बोला, बऱ्याच काचेखाली बल्ब लावून जीटी मारून ओढल्या. पण एचबी आणि टू-एच यांच्यात नेमका काय फरक असतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तो पडला थर्ड इयरला, आणि तोही लायब्ररीत चुकून. पी. एल. मध्ये अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून मी मराठीच्या कपाटाशी घुटमळत होतो. तिथे दुर्गा भागवतांचं 'वॉल्डनकाठी विचारविहार' हाती लागलं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'चा हा मराठी अनुवाद. थोरो म्हणजे जंगलात झोपडी बांधून राहिलेला, गांधीजींनी ज्याच्यापासून काही घेतलं तो, एवढं शाळेत ऐकलेलं. पुस्तक रूमवर नेलं, आवडलं, मग त्याच्या आयुष्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. तेव्हा कळलं की हा माणूस पेन्सिलच्या कारखानदाराचा मुलगा होता. एवढंच नाही, तर त्या काळात अमेरिकेतली सर्वात चांगली पेन्सिल त्यानेच तयार केली होती. आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी कलामसाहेब आणि विश्वेश्वरय्या असतातच, म्हणून यावेळी या पेन्सिलवाल्याबद्दल लिहितो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड या छोट्या गावातला. वडील जॉन थोरो शांत स्वभावाचे. त्यांनी दोन-तीन ठिकाणी दुकानं टाकून पाहिली, पण एकही नीट चाललं नाही. आई सिंथिया खमकी. घरात बोर्डर ठेवून ती संसाराला हातभार लावायची. चार भावंडं : हेलन, जॉन, हेन्री आणि सोफिया.

या कुटुंबाचं नशीब पालटलं ते मामामुळे. आईचा भाऊ चार्ल्स डनबार हा भटक्या माणूस. १८२१ मध्ये शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रिस्टल या ठिकाणी त्याला ग्रॅफाइटचा साठा सापडला. त्याने एक भागीदार घेऊन पेन्सिली करायला सुरुवात केली आणि १८२३ मध्ये मेहुण्यालाही धंद्यात ओढलं. थोड्याच काळात मामा आणि तो भागीदार दोघेही बाहेर पडले आणि धंदा थोरोंच्या वडिलांकडे आला. 'जॉन थोरो अँड कंपनी' हे नाव मोठं वाटतं, पण सगळा कारभार घरगुती. कच्चा माल, कांडायचं काम, लाकूड, डिंक, पेन्सिलींच्या जुड्या बांधणं, सगळं घरच्यांच्याच हातून व्हायचं.

आता थोडं टेक्निकल. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं, असतं ते ग्रॅफाइट. पूर्वी लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटायचं म्हणून नाव चिकटलं. इंग्लंडमध्ये बॉरोडेल इथे इतकं शुद्ध आणि घट्ट ग्रॅफाइट निघायचं की करवतीने त्याच्या काड्या कापून सरळ लाकडात बसवायच्या. बाकीच्यांकडे तसलं नव्हतं. १७९५ च्या सुमारास इंग्लंडशी लढाई चालू असल्यामुळे फ्रान्सला तो माल मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने युक्ती काढली. हलक्या ग्रॅफाइटची पूड करायची, त्यात चिकणमाती मिसळायची, काड्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. माती जास्त घातली की पेन्सिल कडक, कमी घातली की मऊ आणि काळी. आपली टू-एच आणि एचबी यांच्यातला फरक तो हाच. दोन वर्षं हातात धरलेल्या वस्तूचं उत्तर एका ओळीचं होतं!

अमेरिकेत मात्र ही रीत पोचली नव्हती. तिथले पेन्सिलवाले ग्रॅफाइटच्या पुडीत डिंक, मेण किंवा व्हेल माशाची चरबी घालून लगदा करायचे आणि तो लाकडाच्या खाचेत भरायचे. ती पेन्सिल खरखरीत, ठिसूळ आणि वर तेलकट. चित्रकार आणि नकाशे काढणारे तिला हात लावायचे नाहीत, ते युरोपातला माल मागवायचे. थोरोंची पेन्सिल इतरांपेक्षा थोडी बरी होती, पण जातकुळी तीच.

हेन्री हुशार, म्हणून घरच्यांनी त्याला हार्वर्डला घातलं. पैसे जमवले ते पेन्सिलीच्या विक्रीतून, आत्यांकडून आणि मास्तरकी करणाऱ्या थोरल्या बहिणीच्या पगारातून. १८३६ मध्ये तो आजारी पडून मध्येच घरी आला, तेव्हा वडिलांबरोबर पेन्सिली विकायला न्यूयॉर्कलाही जाऊन आला. १८३७ मध्ये डिग्री घेऊन बाहेर पडला आणि नेमकी त्याच वर्षी अमेरिकेत जबरदस्त मंदी आली. (हे वाचून फायनल इयरवाल्यांना बरं वाटेल.) तरीही गावातल्या शाळेत चांगली नोकरी लागली. दोन आठवड्यांत शाळेच्या कमिटीवरचे एक गृहस्थ वर्गात आले आणि मुलांना छडी का मारत नाही म्हणून त्यांनी विचारलं. हेन्रीने त्याच दिवशी काही मुलांना उगाचच छड्या मारल्या आणि लगेच राजीनामा दिला. त्या मुलांना काय वाटलं असेल कोण जाणे! हार्वर्डचा पदवीधर आणि बिनकामाचा, म्हणून गावात चर्चा झालीच असणार. तो मुकाट्याने वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसला.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. या माणसाने इंजिनीअरिंगचा एकही पेपर दिलेला नव्हता. त्याने आधी प्रॉब्लेम नीट बघितला. पेन्सिल खराब का? एक तर चिकटवायला घातलेला पदार्थ चुकीचा आणि दुसरं म्हणजे पूड जाडी. युरोपातले लोक ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती घालतात एवढा धागा त्याने वाचून मिळवला. प्रमाण किती, भाजायचं किती, हे करून करूनच शोधावं लागलं. मातीने पेन्सिल कडक झाली, पण खरखर जाईना, कारण पुडीत बारीक खडे राहत होते.

मग त्याने दळण्याचं यंत्रच बदललं. दगडांच्या भोवती घुसळखांबासारखी एक अरुंद उभी पेटी बांधली, सात फूट उंच. तिच्या डोक्यावर आडवी बंद पेटी, फळीसारखी. दळताना हवेचा झोत खालून वर जायचा. त्या हवेबरोबर सात फूट वर चढू शकेल इतकी हलकी पूड तेवढी वरच्या पेटीत जाऊन बसायची आणि तीच वापरायची. बाकीची खाली पडली की पुन्हा दळायची. चाळणी नाही, जाळी नाही, फक्त हवा आणि उंची. याला आपण आज एअर क्लासिफिकेशन म्हणतो.

हे वाचताना मी एकदम थांबलो. कारण आमची पिठाची गिरणी आहे. आजोबांनी घातलेली, आता अण्णा चालवतात. लहानपणापासून बघतोय, गिरणीत सगळ्यात मऊ पीठ डब्यात नसतं. ते असतं वर तुळईवर, बल्बच्या होल्डरवर, देवाच्या फोटोच्या वरच्या कडेवर. दिवाळीच्या आधी शिडीवर चढून मीच ते झाडायचो. बोटात धरलं तर लागतच नाही इतकं मऊ. अठरा वर्षं ते झाडलं, पण ते तिथे का चढतं हा विचार मनाला शिवला नाही. थोरोला तो सुचला. आपल्यात आणि त्याच्यात फरक असलाच तर तो एवढाच असावा.

सगळं काम एका दमात झालं नाही. मधल्या काळात थोरल्या भावाबरोबर त्याने स्वतःची शाळा चालवली, छडीशिवायची. १८४२ च्या जानेवारीत भावाला वस्तऱ्याने बारीकसं कापलं, त्याचा धनुर्वात झाला आणि तो हेन्रीच्या हातांत गेला. १८४३ मध्ये हेन्री न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर शिकवण्या करत होता, तिथे मन रमेना म्हणून परत आला आणि पुन्हा पेन्सिलीला भिडला. १८४४ पर्यंत काम फत्ते. थोरोंची पेन्सिल आता कमी-जास्त कडकपणाच्या १ ते ४ नंबरांत मिळू लागली. बोस्टनमध्ये एकेक पेन्सिल २५ सेंटला जायची आणि चित्रकलेच्या बाई विद्यार्थ्यांना मुद्दाम थोरोंचीच आणायला सांगायच्या. पुढे कारागिरीच्या प्रदर्शनांत बक्षिसंही मिळाली. हेन्रीचा हात इतका बसला होता म्हणे की सुट्या पेन्सिलींच्या पेटीत हात घातला की दरवेळी मोजून बारा पेन्सिली बाहेर यायच्या.

आणि अशा वेळी, धंदा उभा राहिलेला असताना, हा गडी ४ जुलै १८४५ ला गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला. खोपटाचा खर्च २८ डॉलर १२½ सेंट. हिशोब पुस्तकात खिळ्यांसकट दिलेला आहे. आपल्याकडच्या एस्टिमेटिंग-कॉस्टिंगच्या सरांना दाखवला तर मार्क देतील.

त्याचा जिवलग स्नेही आणि मोठा लेखक एमर्सन याने थोरोच्या मृत्यूनंतर एक गोष्ट सांगितली, ती सगळीकडे छापली जाते. उत्तम पेन्सिल झाल्यावर लोक अभिनंदन करायला आले, तेव्हा थोरो म्हणे म्हणाला की आता मी पुन्हा पेन्सिल करणार नाही, एकदा केलेलं परत कशाला करू. गोष्ट झकास आहे. आपल्यासारख्यांना तर फारच आवडते, कारण तिच्यात घरचा धंदा सोडून निघून जाण्याची परवानगी मिळते. मीही ती रूममधल्या सगळ्यांना ऐकवली होती.

पण पुढे वाचलं तेव्हा लक्षात आलं की प्रत्यक्षात तसं घडलं नाही. वॉल्डन गावापासून जेमतेम दीड मैलावर. तो मधूनमधून घरी यायचा, जेवायचा, कामाला हात लावायचा. तळ्याकाठी तो दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. तिथे गीता वाचली, शेंगा पेरल्या. तळ्याला तळच नाही असं गावात म्हणायचे, म्हणून बर्फावरून दोरीला दगड बांधून जागोजाग खोली मोजली आणि नकाशा काढला. सर्वात खोल जागा १०२ फूट भरली. त्याच हिवाळ्यांपैकी एकात व्यापाऱ्यांची माणसं त्या तळ्याचा बर्फ कापून न्यायला आली. हा बर्फ जहाजांनी मद्रास, कलकत्ता आणि आपल्या मुंबईपर्यंत जायचा, याची थोरोला मोठी गंमत वाटे. १८४६ च्या जुलैमध्ये, गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोशी लढाई करणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र गावच्या तुरुंगातही काढली. त्या अनुभवावरचा निबंध १८४९ मध्ये छापून आला. तोच पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी वाचला. आणि योगायोग बघा, थोरो मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि १९७६ मध्ये त्यांनाही तुरुंगवास घडला.

थोरोचं पहिलं पुस्तक १८४९ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर निघालं. १००० प्रती छापल्या. १८५३ मध्ये प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती घरी पाठवून दिल्या. त्या पाठीवरून माडीवर चढवताना, आपल्या घरातल्या ९०० पुस्तकांपैकी ७०० आपणच लिहिलेली आहेत, असा विनोद त्याने डायरीत केला. पण डोक्यावर कर्ज झालं होतं. आणि ते फेडण्यासाठी पुन्हा पेन्सिल न करणाऱ्या या माणसाने काय केलं? हजार डॉलरच्या पेन्सिली केल्या! त्या हळूहळू खपवल्या आणि उरलेल्या शेवटी पडत्या भावाने विकल्या. पुस्तक पडलं तेव्हा उपयोगी आला तो बापाचा धंदाच.

पुढे धंद्यानेच वळण घेतलं. एका बोस्टनच्या छपाईवाल्याकडून नुसत्या बारीक ग्रॅफाइटची मागणी यायला लागली. त्यांना ते इलेक्ट्रोटाइपसाठी हवं होतं. मेणाच्या साच्यावर ग्रॅफाइटचा थर दिला की तो वीज वाहू लागतो, मग त्यावर तांबं चढवून छपाईचा ठसा बनवता येतो. त्यासाठी पूड जितकी बारीक तितकी चांगली आणि इतकी बारीक पूड थोरोंच्याच यंत्रातून निघायची. पौंडाला १० डॉलर भाव मिळाला. १८५३ मध्ये त्यांनी पेन्सिली बंद केल्या आणि फक्त पूड विकायला लागले. पेन्सिलीसाठी काढलेली युक्ती पेन्सिल संपल्यावरही कुटुंबाला पोसत राहिली.

हेन्री पोटासाठी जमिनीची मोजणीही करायचा. दीडशेच्या वर सर्व्हे त्याने केले. आपले सिव्हिलवाले ज्याला चेन सर्व्हे म्हणून कंटाळतात, तेच काम तो रानातून आनंदाने करायचा. गुलामगिरीतून पळून आलेल्यांना थोरोंच्या घरात आसरा मिळायचा. १८५१ मध्ये अशाच एकाला कॅनडाच्या गाडीत बसवून द्यायला तो स्वतः स्टेशनवर गेला होता. १८५४ मध्ये 'वॉल्डन' प्रसिद्ध झालं.

१८५९ च्या फेब्रुवारीत वडील वारले आणि कारखाना हेन्रीच्या अंगावर आला. आई आणि धाकटी बहीण घरात. त्याने तक्रार केली नाही, हिशोब, पत्रं, ऑर्डरी, दळण सगळं सांभाळलं. पण ती धूळ. सात फूट वर चढणारी पूड माणसाच्या नाकात जायला कितीसा वेळ? क्षय त्या घरात आधीपासून होता. हेलन १८४९ मध्ये त्यानेच गेली होती. क्षय जंतूंमुळे होतो, धुळीमुळे नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण कमजोर छातीला वर्षानुवर्षांच्या त्या धुळीने काही बरं केलं नसणार. १८६० च्या डिसेंबरमध्ये झाडांच्या बुंध्यांवरची वर्तुळं मोजत थंडीत हिंडला, त्याची सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि मग उतारच पडला नाही. ६ मे १८६२ ला तो गेला. वय अवघं ४४. ज्या यंत्राने घर वर आणलं त्याच यंत्राची धूळ त्याच्या छातीत होती, हे मला फार लागलं.

एक छोटी गोष्ट राहिली. मेनच्या जंगलात बारा दिवसांच्या सफरीला जाताना काय काय न्यावं याची थोरोने भलीमोठी यादी केली आहे. सुई-दोऱ्यापासून साबणापर्यंत सगळं त्यात आहे. नाही ती फक्त पेन्सिल. वह्याच्या वह्या टिपणं करणाऱ्या माणसाला पेन्सिल लिहायची आठवण झाली नाही, कारण ती कायम खिशातच असायची. घरचं असंच असतं. ते यादीत येत नाही.

अण्णांना दोन वर्षांपासून खोकला आहे. गिरणीवाला म्हटलं की खोकला असायचाच, असं घरात सगळे म्हणतात आणि मीही म्हणायचो. कॅम्पसमध्ये नोकरी लागली तर मी पुण्याला नाहीतर बेंगलोरला जाईन आणि गिरणी माझ्या यादीतही नसेल. जायला नको असं माझं म्हणणं नाही. थोरोही गेलाच होता. पण जाण्याआधी त्याने घरच्या पेन्सिलीचा प्रश्न सोडवला होता आणि गेल्यावरही हाक आली की येत होता.

म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी आणि माझ्या पार्टनरने लहान गिरणीसाठी धूळ पकडणारा सायक्लोन घेतला आहे. गाइड सरांना आधी विषय फार साधा वाटला. थोरोच्या सात फुटी पेटीचं स्केच काढून दाखवलं तेव्हा ते हसले आणि सही केली. दिवाळीत पत्र्याचा पहिला नमुना गिरणीवर लावला. जोडावरून पीठ गळतं, पंखा कमी पडतो आणि आवाज तर विचारू नका. दळायला आलेल्या बायका कानाला पदर लावून उभ्या होत्या. आठ दिवस झाल्यावर मी शिडी लावून तुळईवर बोट फिरवलं. पीठ होतं, पण निम्म्याहून कमी. अण्णांनी खालूनच विचारलं, की हे रिकामे उद्योग परीक्षेत येतात का. येत नाहीत, असं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त जाताना तो पंखा बंद करायचा नाही म्हणून बजावलं.

दुसरा नमुना या सेमिस्टरला करतोय. ड्रॉइंग्ज टू-एचनेच काढली आहेत, आणि यावेळी जीटी न मारता.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)